प्रतिसाद: अंडरटेकर बोलतोय, आपले पैलवान?

वर कुणीतरी लिहिलंय की WWEचा (अमेरिकेतली ठरवून खेळली जाणारी शो-कुस्ती) पैलवान अंडरटेकर पॉडकास्टवर बोलायला लागला आणि त्याचं गूढच गेलं. मला उलटं वाटतं. १९९० ते २०२० माणूस सोंग सांभाळून गप्प राहिला, आता खरं बोलतोय तर बोलू दे की! डाव ठरलेले असले तरी गुडघे खरेच मोडतात.

मला हळहळ आपल्याकडची वाटते. १९५९चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२०पर्यंत कोल्हापुरातच होते. मी याच गावचा, खासबाग मैदानात चिक्कार कुस्त्या बघितल्या. पण एकदाही जाऊन विचारलं नाही, ‘अण्णा, बंतासिंगाला कसं पाडलं?’ मोबाईल तर खिशातच होता. ऑलिम्पिक पदकवाले खाशाबा जाधव १९८४लाच गेले, तेव्हा मी शाळेत.

तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांपुढं कुणी माईक ठेवणार असेल तर सांगा, थंडाई माझ्याकडून.