क्रॉसलिंकला ‘टाका’ म्हणावं की ‘आडबंध’?

पानगळ: जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ती ज्या द्रव्याची बनते त्या पेप्टिडोग्लायकनच्या शेजारशेजारच्या शर्करा-साखळ्या छोट्या पेप्टाइडांनी (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांनी) एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या क्रॉसलिंकला मी ‘टाका’ म्हटलं. संपादकांनी खोडून ‘आडबंध’ केलं. टाका खरंच खटकतो का?

शुद्धमती: खटकतो. सहसंयुज बंध आहे तो, शिवणकाम नव्हे.

तिरपागडा: शिवणकामच आहे हो! पेप्टाइडच्या टोकाला एकाच प्रकारची दोन अमिनो आम्लं, म्हणजे दोन डी-अ‍ॅलानिन असतात. ट्रान्सपेप्टिडेज हे विकर शेवटचं उडवतं आणि उरलेलं शेजारच्या साखळीच्या पेप्टाइडला जोडतं. पेशीपटलाबाहेर एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन मिळत नाही, म्हणून तुटणाऱ्या बंधाच्या ऊर्जेवरच नवा बंध होतो. पेनिसिलिन दिसायला त्या अ‍ॅलानिनच्या जोडीसारखं. विकर त्याला धरायला जातं आणि जवळजवळ कायमचं अडकून बसतं. ‘आडबंध’मध्ये ही करामत कुठे दिसते?

शुद्धमती: एन्झाइमला ‘विकर’ म्हणायचं आणि क्रॉसलिंकला ‘टाका’? एक काहीतरी ठरवा.

तिरपागडा: विकर शाळेत शिकलो, टाका घरी. दोन्ही मराठीच.

जुनाट: मला तर ‘भित्तिका’च पटत नाही. भिंत म्हटली की विटा आल्या. ही अख्ख्या पेशीभोवतीची सलग जाळी. वायडेल आणि पेल्झर या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तिला पिशवीच्या आकाराचा एकच महारेणू म्हटलं होतं.

कोशकिडा: तिचं दुसरं नाव म्युरीन, तेही लॅटिनमधल्या भिंतीवरूनच. आणि आपली ‘भित्ती’ आली ‘भिद्’ धातूवरून. भिद् म्हणजे फोडणं!

तिरपागडा: मग तर चपखल. वाढायचं तर जाळीतले जुने बंध कापल्याशिवाय नवी साखळी घुसवता येत नाही. हायड्रोलेज नावाची विकरं ते कापत राहतात. पेनिसिलिनमुळे जोडणं थांबलं तरी कापणं थांबत नाही, मग आतल्या दाबानं पेशी फुटते.

पानगळ: त्या कापण्याला मी ‘उसवणं’ लिहिलं होतं. तेही गेलं.

शुद्धमती: जाणारच. ‘विच्छेदन’ लिहा.

जुनाट: विच्छेदन बेडकाचं करतात.

पानगळ: गंमत म्हणजे, साखळीचा कच्चा माल घेऊन लिपिड-२ (पटलातला वाहक रेणू) पटलाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला ‘पलटी मारतं’, ते मात्र संपादकांनी ठेवलंय.

शुद्धमती: पलटी?? कोण आहेत हे संपादक?