टीव्हीखालचा मीडिया प्लेअर: रास्पबेरी पाय की ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी?

खर्ज
बाबांच्या संगीत नाटकांच्या व्हीसीडी, बहिणीच्या २००४ सालच्या लग्नाची मिनी-डीव्ही कॅसेट आणि माझ्या ब्लू-रे डिस्क, हे सगळं आता एका ४ टीबीच्या डिस्कवर आणलंय. टीव्हीखाली कायमचा एक प्लेअर हवा. कुणालाही विचारा, उत्तर एकच: 'पाय घे,' म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. माझं मत उलट आहे.

नुसत्या पायने काही भागत नाही. पाय ५ घेतला की २७ वॉटचा चार्जर, कूलर, केस, मेमरी कार्ड आणि मायक्रो-एचडीएमआयची वेगळी केबल आलीच. एवढ्या खर्चात ऑफिसातून निघालेला, पुस्तकाएवढा मिनी पीसी एसएसडी आणि रॅमसकट आवाक्यात येतो.

फक्त प्रोसेसरची पिढी बघून घ्या. आय-फाइव्ह ६५००टी आणि ७५००टी शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि दुकानदार म्हणतो, 'सेमच आहे, साहेब.' सेम नाहीत. सहाव्या पिढीला (६५००टी) आठ-बिट रंगांचा एचईव्हीसी, म्हणजे ४के सिनेमे ज्या पद्धतीने दाबून साठवतात तो व्हिडिओ, चिपमधल्या हार्डवेअरवर उलगडता येतो, दहा-बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून (७५००टी). आणि ४के एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारे) सिनेमे दहा-बिटच असतात. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पेनड्राइव्हवर स्वतःची फाइल घेऊन गेलो होतो. ६५०० वर पंखा घरघरायला लागला आणि चित्र सारखं अडखळत होतं. ७५०० वर तीच फाइल लोण्यासारखी चालली, पंख्याचा आवाजही नाही. मी तिथल्या तिथे ७५०० उचलला.

माळरान
खर्ज, पिढीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, निष्कर्ष अजिबात नाही.

त्या ७५०० च्या मागचं एचडीएमआय पोर्ट तपासलंत का? त्या काळातल्या बहुतेक ऑफिस मशीनवर ते १.४ असतं. म्हणजे ४के मिळणार फक्त ३० हर्ट्झला, आणि एचडीआर नाहीच. डिस्प्लेपोर्टला कन्व्हर्टर लावला तर ६० हर्ट्झ मिळतील, एचडीआरची खात्री तरीही नाही. दहा-बिट फाइल उलगडणारी चिप आहे, पण ते रंग टीव्हीपर्यंत पोचवणारी वाटच नाही! २०१९ चा पाय ४ सुद्धा ४के एचईव्हीसी ६० फ्रेमने चालवतो आणि लिब्रइलेक (फक्त कोडी हा व्हिडिओ प्लेअर चालवणारं छोटं लिनक्स) टाकलं की एचडीआर१० टीव्हीला देतो.

दुसरं, रिमोट. आमची आई ७१ वर्षांची आहे. पायला एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे इशारे केबलमधून यंत्राला देण्याची सोय) असल्यामुळे ती टीव्हीच्याच रिमोटचे बाण दाबून कोडीत कीर्तन लावते. मिनी पीसीवर सीईसी बहुधा नसतंच, मग वायरलेस कीबोर्ड आला, त्याचे सेल आले आणि 'अरे, हे पुन्हा बंद पडलं बघ' आलं. जे यंत्र आईला एकटीला लावता येत नाही ते मी घरात आणणार नाही.

खर्ज
पोर्टचं बरोबर आहे. माझा टीव्ही फुल एचडी आहे, म्हणून मला ते जाणवलं नाही. मूळ पोस्टमध्ये हे लिहायलाच हवं होतं. ४के टीव्ही असलेल्यांनी माझा सल्ला डोळे झाकून घेऊ नये.

पण माझी बहीण न्यू जर्सीत आहे. तिला लग्नाचा व्हिडिओ आणि बाबांची नाटकं तिथून बघायची आहेत. आमच्या घरून अपलोडचा वेग बेताचाच, त्यामुळे मोठी फाइल चालता चालता लहान करून पाठवावी लागते. इंटेलच्या चिपमधल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या खास भागावर जेलीफिन हा घरगुती व्हिडिओ सर्व्हर हे सहज करतो. पाय ५ मध्ये असं काम करणारा हार्डवेअर एन्कोडरच ठेवलेला नाही. मला तर हेच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

माळरान
मग ती दोन वेगळी कामं झाली ना! सर्व्हर कपाटात ठेवा, प्लेअर टीव्हीखाली. एकाच डब्याकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की पंखा नेमका दिवाणखान्यात येऊन बसतो.

अबोली
तुम्ही दोघंही स्वतःच्या फाइल्सचं बोलताय. घरातले बाकीचे काय बघतात? आमच्याकडे सासूबाईंच्या मालिका आणि मुलांचे सिनेमे, सगळं ॲपवर. ॲपवाले वाइडव्हाइन या कॉपी-संरक्षणाचं एल१, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं, प्रमाणपत्र बघतात. लिनक्सवर, मग तो पाय असो की पीसी, एल३ या खालच्या पातळीवरच भागवावं लागतं. ४के मिळतच नाही. अशा घरात प्रमाणित अँड्रॉइड टीव्हीची स्टिक हाच सरळ मार्ग, आणि कोडी त्यावरही चालतं.

मात्र 'सगळं फ्री' म्हणत विकले जाणारे बिनओळखीचे अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका, हे कळकळीने सांगते. आम्ही एक घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी नव्या ५५ इंची टीव्हीवर सगळ्यांचे चेहरे पाण्यात भिजल्यासारखे पुसट. बॉक्सवर '८के' छापलेलं, आत एल३. तेव्हा चिडले होते फक्त चित्रावर. पुढे जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअरच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. असे बॉक्स कधी कारखान्यातूनच मालवेअर घेऊन येतात आणि आपलं घरचं इंटरनेट गुन्हेगारांना वापरायला देतात. ते वाचलं त्याच दिवशी वायर काढली.

तानपुरा
कुठलंही यंत्र घ्या, कोडीत टीव्हीचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) व्हिडिओच्या फ्रेम रेटप्रमाणे बदलण्याची सेटिंग चालू करा. ती सुरुवातीला बंद असते. सिनेमा २४ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर असला की एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दिसते. कॅमेरा संथपणे वळताना जो हिसका बसतो तो यातूनच येतो, आणि लोक उगाच प्रोसेसर बदलत बसतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या व्हीसीडी २५ फ्रेमच्या, त्यांना ५० हर्ट्झ हवेत.

खर्ज, मिनी-डीव्हीचं काय केलंत? ती ५७६ ओळींची इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, असणार. डीइंटरलेस न करता, म्हणजे ती अर्धी चित्रं नीट न जुळवता, लावली तर सप्तपदीत चालताना बहिणीच्या पदराच्या काठाला कंगव्याचे दात दिसतील. ते पाठवण्याआधी नीट करा. मूळ फाइल मात्र आहे तशीच जपून ठेवा, पुढे आणखी चांगली पद्धत येईल.

खर्ज
अगदी तेच दिसत होतं! मला वाटलं कॅसेटच खराब झाली.

घाटमाथा
आमच्या गावी वीज कधी जाईल सांगता येत नाही. पायचं मेमरी कार्ड दोनदा करप्ट झालं, दोन्ही वेळा वीज गेल्यावरच. त्यानंतर मी पायच्या वाटेला गेलो नाही.

माळरान
हा पायचा खरा दुबळेपणा आहे, नाकारत नाही. पण पाय ४ आणि ५ दोन्ही यूएसबी एसएसडीवरून सुरू होतात. कार्ड काढूनच टाका. शिवाय राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस लावा, फक्त पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअर लागतात, ते बघून घ्या.

खर्ज
सगळं वाचून इंटेल एन१०० वाल्या नव्या मिनी पीसीकडे वळतोय. एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर चालतो, क्विक सिंक आहे, चिपचं टीडीपी (उष्णतेच्या हिशोबासाठी धरलेली वीज) फक्त ६ वॉट. एचडीएमआय २.० आहे का ते मॉडेलगणिक बघावं लागेल, ही चूक पुन्हा नको. सर्व्हर आणि प्लेअर एकाच डब्यात ठेवण्याचा हट्ट मात्र सोडलेला नाही. सगळा संच सरासरी १० वॉट घेतोय असं धरलं, तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ७.२ युनिट होतात. तेवढं मला चालेल.

अडलंय फक्त रिमोटवर. माळरान यांच्या आईचा मुद्दा डोक्यातून जात नाही, कारण आमच्याकडे नाटकं लावणार बाबाच. मिनी पीसीला यूएसबीचा सीईसी अडॅप्टर लावून कुणी रोज वापरतंय का? टीव्ही बंद करून पुन्हा चालू केल्यावर बाण लगेच चालतात, की पीसी रीस्टार्ट करावा लागतो?