मदत हवी आहे: ट्रॉलीच्या हुकाच्या पिनेला ग्रीस लावावं की कोरडंच ठेवावं?

नमस्कार मंडळी,

हंगाम अजून दोन महिने तरी चालेल, म्हणून घाईनं विचारतोय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

आमचा ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन चारचाकी ट्रॉल्या, ऊस वाहतुकीचा करार. फडापासून कारखाना २६ किलोमीटर, त्यातली चारेक किलोमीटर पाणंद, म्हणजे नुसते खड्डे आणि फुफाटा. गेल्या आठवड्यापासून उतारावर ॲक्सिलेटर सोडला की मागून ठक्क असा आवाज येतो आणि सीटपर्यंत दणका बसतो. आधी वाटलं मोळ्या सरकत असतील. परवा मागची ट्रॉली सोडली आणि पिन हातात घेऊन बघितली तर मधोमध कंबर पडलेली. बोट फिरवलं की वरच्या नि खालच्या कडेला नख अडकतंय. वर्नियर लावला. टोकाला जिथं घासत नाही तिथं ३२ मिमी, मध्ये २९. ट्रॉलीच्या ओढायच्या दांड्याला पिन अडकवायचं जे कडं असतं, त्याचं भोक तर ओढीच्या दिशेनं ४१ आणि आडवं ३६. गोल राहिलंच नाही, अंड्यासारखं झालंय.

ह्या मागच्या पिनेला मी हंगाम सुरू झाल्यापासून रोज ग्रीस लावतोय. पुढची, ट्रॅक्टरच्या हुकातली पिन मात्र आमच्या ड्रायव्हरकाकांनी कोरडी ठेवलीय. त्यांचं म्हणणं, ग्रीसला माती चिकटते आणि तीच माती पॉलिश पेपरसारखी लोखंड खाते. मेकॅनिक म्हणतो, कोरडी पिन चालवणं म्हणजे मूर्खपणा. मी मागच्या पिनेवरचा काळा लगदा चिमटीत घेऊन चोळला तर करकर लागली, म्हणजे काका चुकीचं बोलत नाहीत. पण पुढची काढली तर तिच्यावर तांबूस भुकटी, उभे ओरखडे, आणि ती मध्ये २८ सुद्धा भरत नाही. मग खरं कुणाचं?

दुसरं, पिनेवर वेल्डिंग भरून घासून घेतली तर चालेल का? नवी पिन महाग नाही, पण कड्याचं काय करायचं कळत नाही. रिकामी ट्रॉली परतताना टोळीची बायका-पोरं त्यात बसतात. त्या विचारानं दोन रात्री झोप नाही.

प्रतिसाद – लेथकाम

दादा, आधी ग्रीसचा विचार बाजूला ठेवा. भोक पाच मिमीनं ओढलं गेलंय, तिथं कितीही ग्रीस भरलं तरी दणका थांबणार नाही. आणि दणका हाच मोठा शत्रू आहे. खेळ, म्हणजे पिन आणि भोकातला ढिलेपणा, वाढला की ठोका वाढतो, ठोका वाढला की खेळ आणखी वाढतो.

पिनेवर वेल्डिंग अजिबात भरू नका. तापून गार झाल्यावर वेल्डिंगच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं, चीर तिथूनच सुटते आणि बाहेरून दिसत नाही. सळईचा तुकडा किंवा जुन्या एक्सलचा तुकडा पिन म्हणून घालणारेही बघितलेत, तेही नको. ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) गोल बार घेऊन ३२ मिमीची पिन टर्न करून घ्या, वर टोपी ठेवा, खाली कॉटरचं, म्हणजे पिन निसटू नये म्हणून आडवी घालायच्या खिळीचं, भोक पाडा. कडं दांड्यासकट लेथवाल्याकडं न्या. भोक गोल बोअर करून त्यात बुश, म्हणजे धातूची आतली नळी, दाबून बसवतात. पुढच्या वेळी झिजलं तर फक्त बुश बदलायचं, कडं शाबूत राहतं. बोअर केल्यावर कड्याची भिंत पातळ उरत असेल तर मात्र कडंच नवं घाला. पिन बुशात अगदी घट्ट नको, पाणंदीत ट्रॉली वर-खाली होते. दीड-दोन मिमीचा खेळ ठेवा.

प्रतिसाद – जुना स्टेअरिंगवाला

वीस हंगाम ऊस ओढलाय. तुमचे काका आणि मेकॅनिक दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत. आणि पुढच्या-मागच्या पिनेची तुलना करू नका. पुढच्या पिनेवर दोन्ही ट्रॉल्यांची ओढ असते, मागचीवर एकाच ट्रॉलीची. पुढची जास्त झिजणारच.

ग्रीस भरायचं निप्पल असलेल्या जागी ग्रीस गन मारली की नवं ग्रीस जुन्याला बाहेर ढकलतं आणि माती त्याच्याबरोबर निघून जाते. हूक मात्र उघडा असतो. तिथं माती बाहेर ढकलणारं काही नाही, ती आपणच काढायची. म्हणून पुसल्याशिवाय ग्रीसवर ग्रीस चढवायचं नाही. ट्रॉली सोडली की डिझेलच्या फडक्यानं पिन आणि कड्याची आतली बाजू लख्ख पुसा, मग बोटानं पातळ हात फिरवा. पिनेचा रंग ग्रीसखालून दिसला पाहिजे, इतकंच. लिथियमचं ईपी ग्रीस, २ नंबर. ईपी म्हणजे दाब सोसणारं, त्याची फिल्म भाराखाली सहज तुटत नाही. जळकं ऑइल लावू नका, त्यात आधीच काजळी आणि धातूचा कीस असतो, आणि ते एका खेपेत गळून जातं. गंज सोडवायचा स्प्रे गंज सोडवायलाच ठेवा, तो ग्रीसच्या जागी चालत नाही.

आता मला एक सांगा, चारचाकी ट्रॉलीच्या टर्न टेबलला, म्हणजे पुढचा एक्सल ज्यावर वळतो त्या चकतीला, शेवटचं ग्रीस कधी मारलं? ते आवळलं की पुढचा एक्सल वळायला कुरकुरतो, दांडा कडेला ताणला जातो आणि तो सगळा ताण पिनेवर येतो. दांड्याच्या बुडाशी बिजागरीच्या दोन पिना असतात, त्याही बघा. लोक हुकाकडं बघतात आणि ह्या विसरतात.

प्रतिसाद – पाणंद

कॉटर खरी आहे की तार गुंडाळलीय? आमच्या भागात तारच जास्त दिसते. स्पीड ब्रेकरवर पिन उडते ती ह्यामुळेच. शिवाय दांड्यापासून ट्रॅक्टरच्या चासीला साखळी लावा, वळणाला पुरेल इतकी ढिली, पण पिन निघालीच तर दांडा रस्त्याला टेकणार नाही इतकी आखूड.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तार होती, दोन्हीकडं. आजच कॉटर आणून घातल्या.

जुना स्टेअरिंगवाला काका, तुम्ही नेमकं दुखणं धरलंत. टर्न टेबलला चार निप्पल, त्यातली तीन मातीनं बंद. काढून तारेनं साफ केली, एक तुटलं ते नवं लावलं. गन मारली तर आधी वाळकी काळी वडी बाहेर आली, मग तांबडं पाणी, मग चिखल, आणि बऱ्याच वेळानं पिवळं ग्रीस. ट्रॉली सोडून दांडा हातानं फिरवला. आधी दोघांना लागायचं, आता मी एकटा फिरवतो.

मागच्या कड्यात बुश बसलं, नवी पिन घातली, मागचा ठोका गेला. ड्रायव्हरकाकांना पुसण्याची गोष्ट पटली, फडकं आणि डिझेलची बाटली आता टूलबॉक्समध्ये ते स्वतः ठेवतात. पुढच्या ट्रॉलीचं कडं रविवारी लेथवर जाणार. साखळीही तेव्हाच लावून घेतो. तोवर टोळीला ट्रॉलीत बसू देत नाही, मुकादमाशी बोलून पिकअप सांगितलाय.