कामावर पाठवलेल्या गावात मिळालेले दोन मोकळे दिवस कोणाचे?

कॉम्प्रेसरवाला

मी पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. बर्फ कारखाने आणि शीतगृहांतले अमोनियाचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. नोव्हेंबरात मालवणजवळच्या एका बर्फ कारखान्यात एका दिवसाचं काम निघालं, शाफ्ट सील बदलायचं. शुक्रवारी सकाळी पोचलो, मशीन उघडलं, तर ऑइल पंपही झिजलेला. तो पुण्याच्या स्टोअरमध्ये होता आणि स्टोअर शनिवार-रविवार बंद. दुपारी तीनला साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी दुपारपर्यंत पंप येईल, तू तिथेच थांब."

मी बायकोला फोन केला. ती आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रात्रीच्या गाडीत बसली आणि शनिवारी सकाळी मालवणला उतरली. तिकिटं आम्ही काढली, जादा माणसांचे खोलीचे पैसे मी खिशातून दिले. शनिवारी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पोरीला ते काही केल्या पटेना. ओंजळभर पाणी चाखून बघितलं तेव्हा गप्प झाली.

रविवारी पहाटे तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा ते ओढत मागे मागे सरकतात. मी बघत उभा होतो तर एक आजोबा ओरडले, "सायबानू, नुसते उभे काय रवल्यात? धरा दोरी!" तासभर ओढली. तळहात सोलपटले. जाळं वर आलं तेव्हा ओढणाऱ्यांचे वाटे पडले आणि माझ्याही पिशवीत वीसेक पेडवे टाकले. घरमालकीण काकूंनी ते तिरफळ घालून केले. अकरा वर्षांच्या नोकरीत महिन्यातले पंधरा दिवस मी बाहेर असतो. लेकीबरोबर असे सलग दोन दिवस मला आठवत नाहीत.

सोमवारी दुपारी पंप आला, रात्री नऊला मशीन चालू करून निघालो. पुढे कोणीतरी माझे फोटो साहेबांना दाखवले. दोन दिवसांचा भत्ता कापला. "कामाला पाठवलं होतं, सहलीला नाही," म्हणाले. माझं म्हणणं एवढंच आहे की थांब असं कंपनीनेच सांगितलं आणि हातात काम नव्हतं, तर ते दिवस माझे होते. भत्ता कापणं अन्याय आहे.

हिशोबवही

मी वीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे, बिलं माझ्याच टेबलावर येतात. तुम्ही पैसे खाल्ले नाहीत हे दिसतंय. पण घरची माणसं येणार आहेत हे आधी का कळवलं नाहीत? दोन ओळींचा मेसेज पुरला असता. खोलीच्या बिलावर तीन माणसं दिसली की ऑडिटर मला विचारतो, तुम्हाला नाही. आणि आज तुमची गोष्ट सरळ आहे म्हणून सोडलं, तर उद्या दुसरा कोणी पार्ट मुद्दाम विसरून जाईल. सवलत द्यायला माझी हरकत नाही, पण लपवलेल्या गोष्टीला देता येत नाही.

रात्रीची गाडी

लपवलेली? फोटो उघड टाकले होते ना त्यांनी! मी शाखा तपासणीसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरते. रविवारी रात्री निघायचं, शनिवारी मध्यरात्री घरी. प्रवासातले ते तास कोणी कामात धरत नाही. लॉजवर ट्यूबलाइटखाली बसून काढलेल्या संध्याकाळीही नाहीत. म्हणजे आमचे तास गेले तर चालतं, आणि कधी दोन दिवस आमच्या पदरात पडले की भत्ता कापायचा. भत्ता हा घराबाहेर जेवायचा, राहायचा खर्च आहे. माणूस खोलीत झोपून राहिला असता तर कापला असता का? नाही ना? मग किल्ल्यावर गेला म्हणून का?

धक्क्यावरची

मी मालवणचीच. सासऱ्यांची होडी आहे, दीर खलाशी आहे. तुमचं लिहिणं वाचून आमच्या किनाऱ्याचं कौतुक वाटलं, पण दुसरी बाजूही ऐका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला. नोव्हेंबर म्हणजे आमचे कमाईचे दिवस. होडीवर बर्फ न्यायचा तो आदल्या रात्री, लादी फोडून पेटीत भरून. बर्फ कमी पडला की होडी लांब जात नाही, नाहीतर गेली तरी मासळी नरम पडते. धक्क्यावर व्यापारी बांगड्याचा कल्ला उचलून बघतो. लालभडक असेल तर एक भाव, तपकिरी असेल तर निम्मा. तिथे हुज्जत घालता येत नाही. त्या शुक्रवार ते सोमवारात त्या कारखान्यातून निम्म्याच लाद्या निघत असणार.

आता मला सांगा, तुमची मंडळी शुक्रवारी रात्री पुण्याहून निघाली, शनिवारी सकाळी इथे पोचली. मग तो पंप त्याच गाडीतून का नाही आला?

घाटमाथा

ताई, स्टोअर बंद होतं, त्यांनी लिहिलंय. आणि पंप पाठवणं त्यांच्या कंपनीचं काम, बायकोचं नाही.

धक्क्यावरची

दुपारी तीनला शुक्रवारच होता. स्टोअर शनिवारी बंद होतं.

दोरखंड

हा प्रश्न खरा आहे, पण तो इंजिनिअरला कमी आणि त्यांच्या साहेबाला जास्त विचारायला हवा. मला आणखी एक मुद्दा मांडायचा आहे, तो कोणी काढला नाही. कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता, त्याची जागा २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली असावी लागते ही अट तशीच आहे. मशीनवर हात सापडला तर तुमची बाजू भक्कम. किल्ल्याच्या होडीतून पाय घसरला तर तिथपासून वाद सुरू, आणि तो वाद तुमच्या बायकोला लढावा लागेल. म्हणून हे दिवस तुमचे असतील तर तसं लेखी असू द्या. "शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी कामावर हजर." म्हणजे धोकाही उघड, हक्कही उघड. माझ्या मते भत्ता कापणं चूक आणि न कळवणंही चूक.

रात्रीची गाडी

साप्ताहिक सुट्टी मागायला लेखी परवानगी का लागावी, हे मला अजूनही कळत नाही. तो शनिवार-रविवार त्यांना पुण्यात मिळालाच असता. इथे ते घरापासून लांब अडकले होते.

कॉम्प्रेसरवाला

सगळं दोनदा वाचलं. धक्क्यावरच्या ताईंचा प्रश्न वाचल्यावर रात्री झोप लागली नाही, म्हणून सरळ लिहितो.

पंप सहा-सात किलोचा. खोक्यात घालून बसच्या डिकीत सहज आला असता. स्टोअर शुक्रवारी सहाला बंद होतं, गाडी रात्री साडेनऊची. साहेब सोमवार म्हणाले आणि मी "बरं" म्हटलं. मला सुचलंच नाही, आणि का सुचलं नाही हे मला माहीत आहे. फोन ठेवताना मनात किल्ला आला होता. शनिवारी सकाळी दोन तास कारखान्यात जाऊन मी कंडेन्सरच्या पाइपांवरचे क्षार घासून काढले, दुसरा कॉम्प्रेसर चालू होता तो तपासला. कोणी सांगितलं नव्हतं. पण पंप हातात असता तर शनिवारी रात्रीच दोन्ही मशीनं चालली असती. रविवारी आणि सोमवारी धक्क्यावर बर्फ पुरला असता. ज्या आजोबांनी माझ्या हातात दोर दिला, त्यांच्या घरातलीही एखादी होडी त्या बर्फावर असेल.

हिशोबवही, तुमचंही मान्य. मेसेज करायला हवा होता.

भत्त्याबद्दल मात्र मी मागे हटत नाही. पंप लगेच पाठवा हे सांगायला मी चुकलो, पण सोमवार ठरवला तो मी नाही. काम लवकर संपलं असतं तर रविवार मी उघडपणे सुट्टी म्हणून मागितला असता, आणि पोरीला रापण तेव्हाही दाखवली असती.

धक्क्यावरची

हे लिहिलंत ते बरं केलंत. रापणीवर परत या. पोरीला घेऊन या, पण जानेवारीत या, तेव्हा पहाटे थंडी असते आणि दोर ओढायला अंगात ऊब येते.

हिशोबवही

भत्त्यासाठी अर्ज करा. त्यात साहेबांनी थांबायला सांगितल्याची तारीख आणि वेळ टाका, फोनची नोंद जोडा.

कॉम्प्रेसरवाला

केला आज. त्याच अर्जात खाली लिहिलंय की सप्टेंबर ते मे स्टोअरची एक किल्ली शनिवार-रविवार कोणाकडे तरी असावी. कारखान्याच्या मालकांनाही फोन केला. ते म्हणाले, त्या दोन दिवसांत त्यांना देवगडहून गाडीभर लाद्या आणाव्या लागल्या. मला तिथे असताना हे कोणीच बोललं नव्हतं.