शिजवण्याच्या मुद्द्यावर थोडं

मांस तपासून पशुवैद्य त्यावर शिक्का मारतो, तो हवाच कशाला, अशी इथे चर्चा चाललीय. 'नीट शिजवलं की सगळं मरतं, मग डॉक्टरच्या शिक्क्याचं काय एवढं' हा त्यातला मुद्दा जंतूंपुरता बराचसा पटतो. पण जनावराला दिलेल्या औषधांचे मांसात उरलेले अंश मरत नाहीत, कारण ते मुळात जिवंतच नसतात! बरीच प्रतिजैविकं शिजवूनही पूर्ण नष्ट होत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर जनावर किती दिवस कापायचं नाही, ते पशुवैद्य लिहून देतो. हा 'विथड्रॉवल पिरियड' औषधागणिक बदलतो, आणि सुई टोचलेल्या जागी अंश बऱ्याचदा जास्त काळ रेंगाळतात. पाळायचं मात्र मालकाच्या हातात, आणि घोडं तिथेच अडतं.

दुसरं म्हणजे, तपासणी कापल्यानंतर सुरू होते असं इथे सगळ्यांनीच धरलंय. शिकत असताना आमचे सर आधी आम्हाला गोठ्याशी नुसतं उभं करायचे. जनावर चालताना बघा, लाळ बघा, मान कशी धरतंय बघा. रेबीजसारखा मेंदूचा आजार जिवंतपणी वागण्यातून कळतो. नंतर मांसाकडे बघून काहीच कळत नाही. कापल्यावर मग जबड्याच्या स्नायूला हाडाला समांतर चीर द्यायची, पुस्तकाचं पान उलटावं तशी. गोवंशातल्या पट्टकृमीची (टेपवर्मची) अळी तिथे हमखास शोधतात: वाटाण्याहून लहान, पाणीदार फोड, आत पांढरा ठिपका. पहिल्यांदा मला तो चरबीचा कण वाटला होता, सरांनी सुरीच्या टोकाने फोडून दाखवला.