शब्दचर्चा : डॉक्टर विक्षिप्त, माथेफिरू की आणखी काही?

मूळ प्रश्न

आमच्या फिल्म सोसायटीत 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी' दाखवणार आहोत. रॉबर्ट वीनेने दिग्दर्शित केलेला १९२० चा जर्मन मूकपट. पत्रकावर त्याचा दोन ओळींत मराठी परिचय द्यायचाय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: होल्स्टेनवाल नावाच्या गावात जत्रा भरते. डॉ. कालिगारी तिथे तंबू टाकतो आणि उभ्या पेटीतून चेझारेला बाहेर काढतो. वय तेवीस, आणि तेवीसही वर्षं झोपलेला. डॉक्टर सांगेल तेव्हाच डोळे उघडणार आणि भविष्य सांगणार. ॲलन नावाचा तरुण विचारतो, मी किती जगेन? उत्तर येतं, पहाटेपर्यंत. पहाटेच्या आत त्याचा खून होतो. त्याचा मित्र फ्रान्सिस कालिगारीच्या मागावर वेड्यांच्या इस्पितळात पोचतो, आणि तिथला मुख्य डॉक्टर कालिगारीच निघतो.

एका सभासदाने लिहून दिलंय, "एका विक्षिप्त डॉक्टरने घातलेल्या थैमानाची कथा." मला 'विक्षिप्त' खटकतोय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. माथेफिरू चालेल का? मनोरुग्ण?

प्रतिसाद १

खटकतोय कारण तो अर्थ हिंदीतला आहे. मराठीत विक्षिप्त म्हणजे तऱ्हेवाईक. पेशंटने लक्षणं सांगायला सुरुवात केली की "डॉक्टर तुम्ही की मी?" म्हणून खेकसणारा, फी मात्र कधी मागायची विसरणारा, असा डॉक्टर विक्षिप्त. अशा माणसाबद्दल आपण पुढे हमखास जोडतो, "पण मनाने चांगला हो!" आता "माथेफिरू आहे, पण मनाने चांगला" असं म्हणून बघा. जमत नाही. पत्रकावर 'विक्षिप्त डॉक्टर' वाचून लोक विनोदी चित्रपट बघायला येतील.

हिंदीत 'मानसिक रूप से विक्षिप्त' ही थेट बातमीची भाषा आहे. तिथे तो वेडाचाच शब्द. हिंदीवरून घाईघाईने मराठी करताना असे शब्द तसेच उचलले जातात, कारण दिसायला ओळखीचे असतात.

संस्कृतात आणखी तिसरंच. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. त्यात विक्षिप्त म्हणजे अधूनमधून ठरणारं आणि पुन्हा भरकटणारं चित्त. म्हणजे क्षिप्त आणि मूढ यांच्यापेक्षा वरची पायरी! त्या हिशेबाने मोबाइल हातात धरून हे वाचणारे आपण सगळे विक्षिप्तच, तेही चांगल्या दिवशी.

प्रतिसाद २

माथेफिरूही नको. 'माथेफिरूने सोसायटीतल्या दुचाकी पेटवल्या', 'माथेफिरूची दगडफेक' अशा मथळ्यांनी त्या शब्दाला एक ठरावीक चेहरा दिलाय. माणूस अनोळखी, कारण कळत नाही, कृत्य एका झटक्यातलं. डोकं फिरलं आणि केलं.

कालिगारीचं डोकं कुठे फिरलंय? उलट फार शाबूत आहे. फ्रान्सिस रात्रभर खिडकीतून पेटीवर नजर ठेवून असतो, आणि त्याला आत झोपलेला चेझारे दिसत असतो. प्रत्यक्षात तो चेझारेसारखा बनवलेला पुतळा. खरा चेझारे तेव्हा फ्रान्सिसच्या प्रेयसीच्या, म्हणजे जेनच्या खोलीत सुरा घेऊन उभा! एवढी तजवीज करणाऱ्याला माथेफिरू म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. पाताळयंत्री म्हणा.

प्रतिसाद ३

'मनोरुग्ण' वर माझा ठाम आक्षेप. मी मनोविकार विभागात काम करते म्हणून थोडं लांबण लावते.

'वेडा' हा शब्द बोचतो म्हणून आपण 'मनोरुग्ण' आणला. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली 'वेड्यांची इस्पितळं' पाट्यांवर मनोरुग्णालयं झाली. कायद्यातही हाच प्रवास दिसतो. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होतं. १९८७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य' आलं, आणि आता २०१७ चा कायदा आहे. एवढं करून मराठी पोस्टरवर 'मनोरुग्ण डॉक्टरचं हत्यासत्र' असं छापायचं असेल तर पाट्या बदलून काय मिळवलं? माझ्या वॉर्डातले लोक बहुतेक घाबरलेले असतात, घाबरवणारे नव्हे. आणि "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्याचं तिकीट काढा" हे विनोद ठाण्या-पुण्याच्या लोकांनी तरी आता सोडावेत.

डॉक्टरला दुष्ट म्हणायचं असेल तर दुष्ट म्हणा की. चांगला मराठी शब्द आहे.

प्रतिसाद ४

पिसाट?

प्रतिसाद ५

पिसाटला वेग लागतो. वारा पिसाट सुटतो, घोडा पिसाट धावतो. कालिगारी तुरुतुरु चालणारा, डोक्यावर उंच टोपी, हातमोज्यांवर तीन काळ्या रेघा. पिसाट म्हणण्यासारखं त्याच्यात काही नाही. शब्दाचं मूळ मात्र मस्त आहे. पिसा, पिसें हे पिशाचावरून आलेत. आणि त्याच पिशाचाला वारकऱ्यांनी विठ्ठलाच्या दारात नेऊन बसवलं, कारण संतांना लागतं तेही पिसेंच.

यावरूनच मला वाटतं की तुम्हाला हवा तो शब्द 'झपाटलेला' आहे. फ्रान्सिस आणि इस्पितळातले इतर डॉक्टर मिळून मुख्य डॉक्टरची रोजनिशी वाचतात तो भाग आठवा. १७०३ साली कालिगारी नावाचा कुणी एक गूढविद्यावाला झोपेतल्या माणसाकडून गावोगाव खून करवत हिंडत होता, असं या डॉक्टरने जुन्या ग्रंथात वाचलेलं असतं. झोपेतल्या माणसाकडून त्याच्या मनाविरुद्ध खून करवता येतो का, एवढाच प्रश्न त्याच्या डोक्यात घर करतो. इस्पितळात चेझारे दाखल झाल्यावर त्याचा आनंद बघा! मग तो रात्री बाहेर धाव घेतो आणि हवेत, भिंतीवर, झाडाच्या फांद्यांत अक्षरं उमटायला लागतात: तू कालिगारी झालंच पाहिजेस. (जर्मनमध्ये तिथे एकेरीच आहे. 'तुम्ही' करून त्या आवाजाला अदब शिकवू नका.)

झपाटणे दोन्हीकडे चालतं. भुताने झपाटतात आणि कल्पनेनेही झपाटतात. इथे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी झालंय.

प्रतिसाद ६

शब्द चपखल, पण 'झपाटलेला' म्हटलं की १९९३ पासून महाराष्ट्राला फक्त तात्या विंचू दिसतो. झोपलेला चेझारे, पुतळा, झपाटलेला डॉक्टर... प्रेक्षक बाहुला शोधत बसतील.

धागाकर्ता

तात्या विंचूमुळे गर्दी झाली तर आमची हरकत नाही, वर्गणी वाढेल. 'थैमान' ठेवू ना?

प्रतिसाद ७

थैमान साथीचं, पावसाचं, वादळाचं. धुमाकूळ बिबट्याचा किंवा चोरांचा, आणि हल्ली बॉक्स ऑफिसवरचा. उच्छाद पोरांचा आणि माकडांचा. या सगळ्याला गोंगाट लागतो. कालिगारीच्या गावात लोक सकाळी उठतात तेव्हा एक जण कमी झालेला असतो. 'दहशत' पुरे.

प्रतिसाद ८

शेवट माहीत नसलेल्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा, रसभंग होईल.

इतका वेळ आपण डॉक्टरला विशेषण शोधतोय, पण ही सगळी गोष्ट सांगतो कोण? फ्रान्सिस. आणि शेवटी कळतं की तो त्याच इस्पितळात रुग्ण आहे. चेझारे फूल कुरवाळत तिथेच उभा, जेन स्वतःला राणी समजून तिथेच बसलेली. मुख्य डॉक्टर चष्मा लावून म्हणतो, याचा भ्रम काय आहे ते मला आता कळलं, याला बरं कसं करायचं तेही कळलं. बघणाऱ्याला त्या चेहऱ्याची भीती वाटतेच. पण कोणतंही विशेषण घातलंत की निकाल तुम्ही पत्रकावरच लावून टाकला. झपाटलेला कोण, सांगणारा की डॉक्टर?

म्हणून विशेषण गाळा. "वेड्यांच्या इस्पितळातला एक डॉक्टर आणि त्याची दहशत." 'इस्पितळातला' मध्ये नोकरीवरचा आणि दाखल झालेला असे दोघेही बसतात.

प्रतिसाद ३ लिहिणारी

'वेड्यांच्या' ला मी यावेळी सूट देते. १९२० ची गोष्ट आहे, तेव्हा तसंच म्हणत. 'मनोरुग्णालय' घातलंत तर वाक्याला सरकारी पाटीचा वास येईल.

धागाकर्ता

हे वाक्य घेतो, छपाईला उद्याच द्यायचंय. आता नावाचं काय? 'कॅबिनेट' तसंच ठेवलं तर आमचे निम्मे सभासद मंत्रिमंडळावरचा राजकीय चित्रपट समजतील. 'डॉ. कालिगारीची पेटी' कसं वाटतं?

प्रतिसाद ६ लिहिणारा

पेटी म्हटल्यावर उरलेले निम्मे नाट्यसंगीत ऐकायला येतील.

प्रतिसाद ७ लिहिणारा

येऊ द्या की. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी पेटी-तबला असायचाच. कुणी वाजवणारा मिळत असेल तर खरोखरच बसवा, म्हणजे नाव बदलायला नको.