फॅकल्टीनुसार जागा दिल्या तरी मोजणीचं काय?

विद्यापीठाच्या सिनेटवर, म्हणजे प्रतिनिधी सभेवर, मोठ्या विभागाचेच शिक्षक निवडून जातात म्हणून फॅकल्टीनुसार (विद्याशाखेनुसार) जागा ठरवा अशी एक सूचना आलीय. तक्रार रास्त आहे, पण फॅकल्टीच्या आतसुद्धा तेच होणार ना, प्रत्येकाला जितक्या जागा तितकी मतं असा नियम असेल तर ५१ टक्क्यांचा एकसंध गट सगळ्याच जागा घेऊन जाऊ शकतो. त्यापेक्षा पसंतीक्रमाने मतदान हवं, म्हणजे एकल संक्रमणीय मत. त्यात जागांमध्ये एक मिळवून त्याने वैध मतांना भागायचं आणि आलेल्या आकड्यात परत एक मिळवायचा, म्हणजे ६०० मतं आणि ५ जागा असतील तर १०१ मतांवर माणूस निवडून येतो, जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात. छोट्या विभागांनी एकमेकांना पसंती दिली तर त्यांचाही एक जण बसू शकतो. आणि कंत्राटी शिक्षकांना मतदार यादीत घ्याच, वर्ग तेही घेतात.